पाखल्याचे दात

मालवणच्या बाजारात एका दुकानावर पाटी होती: 'डॉ. एल. जी. धुरी, परदेश-शिक्षित दंतवैद्य'. त्यातले 'डॉ.' लवूने स्वतः लावले होते. 'परदेश-शिक्षित' पाटी रंगवणाऱ्याने सुचवले, कारण फळी लांब होती आणि अर्धी मोकळी राहत होती. पण पाटीवरचे सगळेच काही खोटे नव्हते. धुरी तो होताच.

लवू मसुऱ्याचा. बाप गंगाराम धुरी विलायती मालबोटीवर सारंग होता, म्हणजे खलाशांचा मुकादम. आवाज असा की वाऱ्यावादळात डोलकाठीवरच्या माणसाला ऐकू जावा. गावात रजेवर आला की घरातल्या घरात पाणी मागितले तरी शेजारची माणसे तांब्या घेऊन उठत. त्याची एक दाढ एका सफरीत लिव्हरपूलला असताना ठणकायला लागली. कंपनीने त्याला दातांच्या डॉक्टरकडे धाडले. गंगाराम एक दात दाखवायला गेला आणि सगळे देऊन आला.

दुसऱ्या एखाद्याने आयुष्यभर बोटे मोडली असती. गंगाराम भारावला. नुसत्या बसल्या जागी एक गोरा साहेब मिशीला हात न लावता माणसाचे तोंड रिकामे करतो, पुन्हा भरून देतो, वर लोक त्याचे आभार मानतात, हे त्याने जन्मात पाहिले नव्हते. गावी आल्यावर ही हकिगत तो देवळाच्या पायरीवर, लग्नाच्या मांडवात, तिरडीच्या मागेसुद्धा सांगे. आधी मागेपुढे होणारी खुर्ची, मग डोक्यावरचा दिवा, आणि मग मेण. "गरम मेण, रे! असो तोंडात दाबल्यान. सायब म्हणालो, चाव. चावलंय. त्या मेणावरसून माज्या मापाचे दात!" मेणाशी आला की तो जबडा वासून दोन बोटे आत घालून दाखवी. लवू लहानपणापासून ही गोष्ट ऐकत आला होता. ऐकत होता म्हणणे जरा धाडसाचे आहे, समोर बसलेला असे.

ते मापाचे दात फार टिकले नाहीत. पुढच्याच सफरीत वादळात एका खलाशाला शिवी हासडताना गंगारामच्या तोंडातून शिवीबरोबर दातही सुटले आणि थेट समुद्रात गेले. खलाशी वाचला. गंगारामने नवे दात करायचे नाकारले. "आता दात घालीन ते माज्या झिलाच्या हातचे," असे त्याने जाहीर केले आणि तो बोळक्या तोंडाने पेज खायला लागला. झील म्हणजे मुलगा, तेव्हा लवूने दातांचा डॉक्टर व्हायचे ते असे ठरले. लवूला कोणी विचारले नाही, आणि विचारून फारसा उपयोगही नव्हता, कारण तोवर त्याला कुठल्याच प्रश्नाचे बरोबर उत्तर देता आलेले नव्हते.

'मुलगा वर्गात नियमित हजर असतो', याहून अधिक बरे मास्तरांना त्याच्याविषयी लिहिता आले नाही. मॅट्रिकला तो एकदा बसला, पुन्हा बसला, आणि पुन्हा बसला तेव्हा बोर्डालाच त्याचा कंटाळा आला असावा, त्यांनी तळाशी कुठेतरी त्याचे नाव छापले. मग मुंबईच्या कॉलेजात सायन्सचे वर्ष. तिथे बेडकाने त्याचा पराभव केला. तरी हिय्या करून तो दातांच्या कॉलेजात चौकशीला गेला. तिथल्या कारकुनाने गुणपत्रिका वाचली, उलटी करून मागे काही आहे का पाहिले आणि नीट घडी घालून परत दिली. लवू मुंबईहून बोटीने घरी आला.

आणि या बोटीतच खरी गोम होती. लवूला बोट लागत असे. बंदर सुटायच्या आधी, नांगर उचलतानाच्या खडखडाटाने त्याच्या पोटात ढवळायला लागे आणि मालवणपर्यंत तो कठड्यावर वाळत घातल्यासारखा पडून असे. सारंगाच्या मुलाला बोट लागते! आई काशीबाईने हे नवऱ्यापासून लपवून ठेवले होते. मुलगा नापास झाल्याचे ती विहिरीवर चारचौघींत सांगे, पण ही गोष्ट माहेरीही बोलली नाही. लवू पिवळाफटक होऊन घरात शिरला की ती कोळंबीवर आळ घेई, "मुंबयची सुंगटा बाधली होय."

सत्तावन्न साली गंगाराम नोकरी संपवून कायमचा घरी आला आणि त्याने मुलाला समोर उभे केले. "शाळा झाली, कालेज झाला. आता बोटीर चल. माजी वळख आसा तवसर चिकटयतंय."

लवूच्या डोळ्यांपुढे अख्खा हिंदी महासागर उभा राहिला. बुडत्या माणसाच्या चपळाईने, जी त्याने एकाही परीक्षेत दाखवली नव्हती, तो म्हणाला, "बाबा, तुमच्या बोटीवरचो गोयकार बटलर काय सांगी? लिस्बनाक मार्क बघनत नाय. गोंयात नाव घालूचा आनि थयसून लिस्बनाक जावचा. दातांचा शिक्षण."

गंगाराम विचारात पडला. लिस्बनला त्याची बोट लागली होती. "थयच्या लोकांचे दात मी बघलेले आसत," तो शेवटी म्हणाला, "तेंका कोणय चलात."

आमच्याकडे घरातून माणूस दूर निघाला की देवाला गाऱ्हाणे घालतात. गावकर देवासमोर उभा राहून मोठ्या आवाजात मागणे मांडतो आणि जमलेले लोक एका सुरात होकार भरतात. वकिलाच्या कागदातून पळवाट निघते, गाऱ्हाण्यातून निघत नाही. एकदा देवासमोर शब्द गेला की तो अख्ख्या गावाचा झाला. गंगारामने मुलाला रवळनाथाच्या देवळात नेले. भाई गावकराने नारळ हातात घेतला आणि खाकरून सुरुवात केली.

"बा देवा रवळनाथा म्हाराजा! आज ह्यो तुजो लेकरू लवू गंगाराम धुरी परमुलखात दातांचा शिक्षण घेवक चल्लो हा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"तेका यश दी, सुखरूप परत हाड, आनि तेच्या हातान बापाशीच्या तोंडात दात बसव म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"तवसर बापूस दुसऱ्याचे दात घालूचो नाय! आनि ह्या जर नाय झाला, तर लवून गुमान बोटीर जावचा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळ्यांत मोठा आवाज अर्थात गंगारामचा होता. लवूचे ओठ नुसते हलले.

गोवा तेव्हा पोर्तुगिजांचा. मसुऱ्याहून सकाळी निघालेला माणूस दिवेलागणीला परदेशात पोचत असे, ही सोय आमच्याच मुलखाला होती. हद्दीवर आपलेही पहारे आणि त्यांचेही, पण माणसे जायची ती जातच. बांद्याचा मुनीर दोन्हीकडे मालाची ने-आण करी. माल कसला ते त्याला कोणी विचारीत नसे. त्याने लवूला आरोंद्याहून खाडीपलीकडे होडीने नेले. खाडी ती केवढी, समोरची माणसे कोकणीत भांडताना ऐकू येत. तेवढ्यातही लवूला बोट लागली. परदेशाच्या भूमीवर त्याने पहिले पाऊल ठेवले ते ओणव्याने.

पणजीच्या कचेरीतल्या माणसाने त्याला विचारले की पोर्तुगीज शाळा किती झाली आहे. लवूने मॅट्रिकचा कागद पुढे केला. त्या माणसाने सांगितले की लिस्बनला जायचे तर आधी इथली शाळा करावी लागेल, पोर्तुगिजीत, अगदी पहिल्या इयत्तेपासून. लवू बाकावर बसून राहिला. मराठीतून एकदा पास व्हायला त्याची मिसरूड जाड झाली होती. पोर्तुगिजीतून पास होईपर्यंत त्याला स्वतःलाच कवळी लागली असती.

पण घरी परतणे म्हणजे बोट. तेव्हा तो परतला नाही. म्हापशाच्या बाजारात भटकताना त्याला भिंतीवर रंगवलेला भलाथोरला जबडा दिसला. आत एक म्हातारा गोरा दंतवैद्य होता. सगळे त्याला दोतोर म्हणत. दात कोरायचे त्याचे यंत्र शिवणाच्या मशीनसारखे पायाने चालवायचे होते आणि दोतोराचा पाय संधिवाताने सुजलेला होता. पायडल मारणारा पोऱ्या नुकताच पळून गेला होता. लवूचे दोन्ही पाय शाबूत होते. त्या दिवशी आयुष्यात पहिल्यांदा लवू धुरीला कुठेतरी लगेच प्रवेश मिळाला.

पुढची चार वर्षे त्याने पायडल मारले. त्याचे सगळे दंतशास्त्र गुडघ्याखाली होते. दोतोर "हळू" म्हणाला की हळू, "जोरात" म्हणाला की जोरात. रोग्याच्या तोंडात काय चालले आहे हे पाहायची सक्ती नव्हती आणि लवूने सक्तीशिवाय कधी काही पाहिलेले नव्हते. फार तर दुपारी दोतोर पेंगला की हलणारे दात तो उपटून टाकी. तेवढी ताकद त्याच्या मनगटात होती.

घरी त्याची खबर मुनीर नेई. गंगाराम त्याला ओटीवर बसवून विचारी, "लवू काय करता?" मुनीर भला माणूस. खोटे त्याच्या जिभेवर येत नसे आणि खरे सांगवत नसे. "मशीन चलयता," तो म्हणे, "दोतोर तेच्याशिवाय दाताक हात लावणा नाय." हे शब्दशः खरे होते. गंगाराम ते वाडीभर सांगत सुटे, आणि घरी येऊन पेजेची वाटी तोंडाला लावी. काशीबाईने एकदा मटण मऊ शिजवून, वाटून त्याच्यापुढे ठेवले. त्याने ताट सरकवले. "झील दात घेवन येयत. मगे हाडाक लावतंय."

एकसष्टच्या डिसेंबरात भारताची फौज गोव्यात शिरली आणि पोर्तुगिजांचे राज्य गेले. सगळीकडे पेढे वाटले. फक्त म्हापशाच्या त्या दुकानात लवू डोक्याला हात लावून बसला. तो रात्री परदेशात झोपला होता आणि सकाळी भारतात उठला होता. दोतोर लिस्बनला जायला निघाला. खुर्ची आणि पायडलचे यंत्र उचलवेनात, म्हणून त्याने ते लवूला देऊन टाकले. सोबत एक पत्र्याचा डबाही दिला. त्यात कवळ्या होत्या, लोकांनी करायला टाकलेल्या आणि धावपळीत न्यायच्या राहून गेलेल्या. गोऱ्या पोर्तुगिजाला तिकडे पाखलो म्हणतात. त्या कवळ्या बहुतेक पाखल्यांच्याच होत्या. पाखले बोटीवर चढले, त्यांचे दात भारतातच राहिले.

लवू बैलगाडीत खुर्ची घालून गावात आला तेव्हा देवळात सभाच भरली. भाई गावकराला पेच पडला होता. "गाऱ्हाण्यात परमुलूख म्हटलेला," तो म्हणाला, "आनि गोंय तर आता आपलाच झाला. मगे लवू शिकलो खंय?"

"गेलो तेवा परमुलूख होतो!" गंगाराम गरजला. "मुलूख मागसून बदाललो. तो काय लवून बदालल्यान?"

हे सगळ्यांना पटले. मग कोणीतरी हळूच सर्टिफिकिटाची चौकशी केली. लवूने यावर गाडीत बराच विचार करून ठेवला होता. "राज्यच गेला," तो खाली बघत म्हणाला, "सर्टिफिकीट कोण देतलो?" नापास झालेल्यांना आजवर पेपर कठीण होता, ताप आला होता, मास्तरने डूख धरला होता, असलीच किरकोळ कारणे मिळत आली. लवूला सबंध साम्राज्य बुडाल्याचे कारण मिळाले, आणि सभेने माना हलवल्या.

"ता ऱ्हवांदे," भाई गावकर म्हणाला, "पन देवाक सांगितला तां होवक व्हया. बापाशीक दात घाल. नायतर बोट."

लवूला कवळी करता येत नव्हती. मेण पाहिले होते त्याने, पण ते तोंडात कसे बसवतात आणि त्यातून पुढे दात कसे निघतात ते त्याला ठाऊक नव्हते, कारण त्या वेळी तो यंत्राला तेल घालीत असे. त्याने बापाला खुर्चीत बसवले, खिशातून सुतळी काढली आणि शिंपी कोटाचे घेतो तसे जबड्याचे माप घेतले. या कानापासून त्या कानापर्यंत. मग गंभीरपणे हुंकार दिला. गंगाराम त्या सुतळीकडे बघत राहिला. आठवडाभर दार लावून लवू माळ्यावर बसला. डब्यातल्या कवळ्या त्याने मांडल्या, त्यातल्या त्यात मोठी निवडली, कारण बापाचे तोंड मोठे होते. ती कुणा जाड्या पाखल्याची होती. नावाची चिठ्ठी त्याने खरवडून काढली.

देवळात सगळा गाव जमला. लवूने रवळनाथाच्या समोर बापाच्या तोंडात दात घातले. गंगारामने तोंड मिटले, म्हणजे मिटायचा प्रयत्न केला. ओठ दातांवरून खाली येईनात. तो तसाच हसऱ्या चेहऱ्याने थांबला. डोळ्यांत पाणी आले. लोक गहिवरले. बायकांनी पदर डोळ्यांना लावले. लवू मात्र गाभाऱ्याच्या खांबाला टेकला होता आणि त्याला समुद्राचा वास यायला लागला होता. आता बाप बोलणार. बाप काय बोलणार, त्यावर बोट सुटायची की राहायची ते ठरणार होते.

"व्हय म्हाराजा," गंगाराम म्हणाला. नारळ फुटला.

लवूने मालवणात दुकान थाटले. आता पायडलही त्यालाच मारायचे होते आणि हातही त्यालाच चालवायचा होता. पाय उत्तम चाले, हात थरथरे. म्हणून तो कोरायच्या भानगडीत न पडता सरळ उपटायचा. कवळीचे गिऱ्हाईक आले की "हिरड्या पक्क्या होऊ देत, मग बघू," असे सांगून त्याने कित्येकांना स्वर्गापर्यंत बोळके पोचवले. तरी दुकान चालले, त्याचे कारण गंगाराम. लवू त्याला रोज दाराशी खुर्चीवर बसवी. त्या कवळीने गंगारामचे तोंड मिटतच नसे, त्यामुळे तो दिवसभर हसतमुख. येणारा-जाणारा बघे आणि म्हणे, काय दात बसवलेत पोराने! लवूलाही हळूहळू तसेच वाटायला लागले. माणसाला आपली लबाडी पचली की तो तिलाच कर्तबगारी समजतो.

संध्याकाळी घरी आल्यावर गंगाराम दात काढून ठेवी आणि पेज पिई. काशीबाई त्याच्या हिरड्यांना खोबरेल लावी. "फुटल्यो मा रे हिरड्यो," ती लवूला म्हणे. "सवय होयत," लवू सांगे आणि मटणाच्या हाडाला भिडे.

असे पाचेक वर्षे चालले. मग गंगाराम थकला आणि मालवणला यायचा बंद झाला. त्याच सुमारास मुंबईहून शिकून आलेल्या एका पोरसवदा डॉक्टराने बाजारात खरोखरचा दवाखाना उघडला. लवूची गिऱ्हाइके गळायला लागली. एका सकाळी तो बापाच्या उशाशी बसला.

"बाबा, जरा दात घालून दुकानात येवन बसा. चार दिस तरी. लोक तुमका बघून येतत."

गंगाराम बाजेवर उठून बसला. त्याचा आवाज आता घराबाहेर जात नव्हता.

"झिला, मेण खंय होता?"

"कसला मेण?"

"लिव्हरपुलाक सायबान गरम मेण तोंडात घातल्यान. तू सुतळी लावलंस."

लवूला ती गोष्ट आठवली. तो वासलेला जबडा, ती दोन बोटे. आयुष्यभर ती त्याच्यासमोर सांगितली गेली होती आणि आज तो ती पहिल्यांदा ऐकत होता. खोलीत काशीबाई विळीवर नारळ खवत होती, तिचा हात थांबला.

"पयल्याच दिसा कळला," गंगाराम म्हणाला. "ह्ये माजे न्हय. खंयच्या पाखल्याचे आसत. देवळातच थुकून टाकूचे होते, इतके लागले."

"मगे बोललात कशाक नाय?"

"बोललो असतंय तर तुका बोटीर धाडूचा लागला असता. देवाक शब्द दिललो." त्याने पेजेची वाटी बाजूला सारली. "आनि तुका बोट लागता."

काशीबाईने मान खाली घातली. ज्याने आयुष्यभर खलाशांच्या तोंडावर बघून वादळ ओळखले, त्याला पोराचा पिवळा चेहरा ओळखता आला नाही असे ती इतकी वर्षे समजत होती. लवू बापाच्या पायांशी हात नेऊ लागला, तर बापाने ते पाय आखडून घेतले आणि खाली उतरवले.

"दात दी," तो म्हणाला. "आनि काठी. गाडी चुकात."

लवूने पाण्याच्या पेल्यातली कवळी काढून दिली. तिच्या कडेला लाल रेघ होती. ती त्याने आज पहिल्यांदा पाहिली. गंगारामने डोळे मिटून दात आत दाबले आणि त्याचा चेहरा पुन्हा हसरा झाला.

दुपारी मालवणात दुकानाच्या दाराशी तो खुर्चीवर बसला. देवबागची एक म्हातारी सुजलेला गाल धरून आली आणि त्याच्याकडे बघत उभी राहिली. आत जावे की त्या नव्या डॉक्टराकडे जावे, असे तिचे चालले होते.

"आबानू, कोणी घातले ओ दात? बरे आसत?"

"माज्या झिलान," गंगाराम म्हणाला. "झिलाच्या हातचे आसत."

म्हातारी आत आली, खुर्चीत बसली आणि तिने तोंड उघडले. लवू पकड हातात घेऊन बापाच्या पाठीकडे बघत होता. मग त्याने पकड खाली ठेवली आणि तिला त्या नव्या डॉक्टराच्या दवाखान्याचा रस्ता सांगितला. ती कुरकुरत निघून गेली. बाहेर गंगारामने मान वळवून पाहिले. त्याला राग आला की आनंद झाला हे कळायला मार्ग नव्हता, चेहरा हसराच होता.